रक्तातील एक अक्षर : सिकलसेल, जनुकोपचार आणि आपला समाज

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाकडून कार्ले, भाजे वा बेडसे येथील लेण्यांवरील लेखाचीच अपेक्षा असणार, हे उघड आहे. मावळात राहणाऱ्या इतिहासाच्या अभ्यासकाला तो मोह होतोच. तथापि या वेळी मी मुद्दाम वेगळा विषय निवडला आहे. आपल्या निवासी विद्यालयात मावळ-मुळशीच्या मुलांबरोबर नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतूनही मुले शिकावयास येतात. त्या जिल्ह्यांतील अनेक घरांत ‘सिकलसेल’ हा शब्द आजीपासून नातवापर्यंत सर्वांना ठाऊक असतो. मात्र त्या शब्दामागचे विज्ञान आणि त्या विज्ञानाचा इतिहास फार थोड्यांना ठाऊक असतो. गेल्या काही वर्षांत प्रथिनांच्या आणि जनुकांच्या संशोधनाने या आजारासंबंधी मोठी झेप घेतली आहे. ती झेप कोणाच्या उंबरठ्यापर्यंत पोचणार, हा प्रश्न मात्र प्रयोगशाळेत सुटणारा नाही. तो समाजाचा प्रश्न आहे, आणि म्हणून इतिहासाच्या शिक्षकानेही त्यावर लिहावे असे मला वाटते.

एका अक्षराचा फरक

‘विहार’ हा शब्द लिहिताना मधले एकच अक्षर बदलले तर ‘विकार’ होतो. बाकी सारी अक्षरे जागच्या जागी असतात, पण अर्थ पार उलटतो. सिकलसेल हा आजार नेमका असाच आहे.

आपल्या रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. फुप्फुसांतून प्राणवायू उचलावा आणि शरीराच्या कानाकोपऱ्यांत पोचवावा, हे त्याचे काम. एका तांबड्या पेशीत या प्रथिनाचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. प्रत्येक रेणू चार साखळ्यांचा बनलेला असतो : दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले ओळीने गुंफलेली असतात. त्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असावयास हवे. सिकलसेलमध्ये तेथे व्हॅलिन येते. एवढाच फरक. आणि हा फरक होतो तो जनुकाच्या लिपीत एक अक्षर बदलल्यामुळे. माणसाच्या संपूर्ण जनुकीय ग्रंथात सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे या एका अक्षराचे सामर्थ्य कळते.

हे बदललेले हिमोग्लोबिन प्राणवायू सोडून देताच एकमेकांना चिकटून लांब दोरखंडासारखे होते. त्यामुळे एरवी गोल आणि लवचिक असणारी तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची व ताठर बनते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि हाडे, सांधे, छाती, पोट यांत असह्य वेदना सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्यासारखी पेशी १० ते २० दिवसांतच मोडते. म्हणून पंडुरोग, कावीळ आणि थकवा हे या रुग्णांचे नित्याचे सोबती होतात.

हे जनुक प्रत्येकाला आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन मिळतात. दोन्ही बदललेले असतील तर ती व्यक्ती रुग्ण, म्हणजेच ‘एसएस पॅटर्न’. एकच बदललेले असेल तर ती व्यक्ती वाहक, म्हणजे ‘एएस पॅटर्न’. वाहक हा रुग्ण नव्हे. तो इतरांसारखाच शेतात राबतो, मैदानात खेळतो, नोकरी करतो. हे वाक्य वाचकांनी दोनदा वाचावे, कारण गावोगावी होणारा गैरसमज येथेच सुरू होतो.

प्रथिनापासून जनुकापर्यंत

या आजाराचा शास्त्रीय इतिहास १९१० साली सुरू होतो. शिकागो येथील जेम्स हेरिक या डॉक्टरांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले. पेशींचा आकार दिसला. कारण मात्र कळले नाही. कारण कळावयास आणखी ३९ वर्षे लागली.

१९४९ साली लिनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाचे हिमोग्लोबिन आणि निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन विद्युतप्रवाहाच्या क्षेत्रात ठेवले. दोन्ही निरनिराळ्या वेगाने सरकली. आजाराचे मूळ एका प्रथिनाच्या रेणूतच आहे, हे जगात प्रथमच सिद्ध झाले. या संशोधनातील प्रत्यक्ष प्रयोगांचा मोठा भार हार्वे इटानो या तरुणाने वाहिला. इटानो जपानी वंशाचे अमेरिकन नागरिक. १९४२ साली बर्कले येथील विद्यापीठाचे सर्वोच्च पदक त्यांना जाहीर झाले, पण ते स्वीकारावयास ते उपस्थित राहू शकले नाहीत. कारण केवळ वंशामुळे त्यांना कुटुंबासह छावणीत डांबण्यात आले होते. ज्याला देशाने रक्तावरून परका ठरविले, त्यानेच पुढे रक्ताचे हे रहस्य उलगडण्यास हातभार लावला. इतिहासाच्या तासाला ही गोष्ट सांगताना मला वेगळे भाष्य करावे लागत नाही. आपली मुले ती लगेच समजतात.

त्यानंतर १९५६-५७ मध्ये केंब्रिज येथे व्हर्नन इंग्रम यांनी त्या प्रथिनाचे तुकडे करून, ते कागदावर पसरून, नेमके कोणते अमिनो आम्ल बदलले आहे हे शोधून काढले. एका जनुकातील बदलाने प्रथिनात एकच कडी बदलते, याचा हा पहिला स्पष्ट पुरावा होता.

आज ‘प्रोटिऑमिक्स’ या नावाने जी शाखा ओळखली जाते, तिची बीजे या कामात आहेत. पाउलिंग यांनी एक प्रथिन तपासले. आजचे शास्त्रज्ञ वस्तुमानमापक यंत्राच्या साहाय्याने हजारो प्रथिने एकाच वेळी तपासतात. २०१४ साली मानवी प्रथिनांचा जो आराखडा प्रसिद्ध झाला, त्यात १७,२९४ जनुकांपासून बनणाऱ्या प्रथिनांची नोंद होती. त्या कामात बेंगळूरु येथील इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फॉर्मॅटिक्स या संस्थेचा प्रमुख सहभाग होता. मुंबईच्या आयआयटीतही प्रथिनांवर असे संशोधन चालते. जनुक हा लिहिलेला हुकूम असेल तर प्रथिन ही त्याची अंमलबजावणी आहे. हुकूम वाचल्याने शरीराचा हेतू कळतो. प्रत्यक्षात काय घडले, हे प्रथिनेच सांगतात.

हा आजार आपल्याकडे का?

भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ साली निलगिरी डोंगरातील आदिवासींमध्ये झाली. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलविषयी लिहिले. त्यांचे काम नागपूरचे होते आणि ज्यांच्यात हा गुण आढळला त्यांत महार समाजाचा समावेश होता. ज्या नगरीत १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लक्षावधी अनुयायांना धम्मदीक्षा दिली, त्याच नगरीतून दोनच वर्षांनी ही नोंद वैद्यकाच्या इतिहासात गेली. पुढे पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रातील आदिवासी पाड्यांत अनेक दशके या आजाराचा शोध घेतला. नागपुरात संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटीच्या माध्यमातून रुग्णांची संघटना उभी केली. आज गोंड, परधान, माडिया, भिल्ल, पावरा या आदिवासी समूहांत, पूर्वाश्रमीच्या महार म्हणजे आजच्या बौद्ध समाजात, तसेच काही इतर मागासवर्गीय समूहांतही हे जनुक आढळते. विदर्भातील पाहण्यांत काही समूहांत वाहकांचे प्रमाण शेकडा १० हूनही अधिक दिसून आले आहे.

येथे कोणी म्हणेल, ‘म्हणजे हा जातीचा आजार झाला.’ हे साफ चूक आहे. हे जनुक जातीमागे गेलेले नाही, ते हिवतापामागे गेलेले आहे. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत दाखवून दिले की, ज्याच्याजवळ हे जनुक एकच असते त्याला घातक हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. जेथे शतकानुशतके हिवताप होता, तेथे वाहक जगले, वाढले आणि जनुक टिकले. आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा काही किनारा आणि मध्य भारतातील जंगलपट्टा हे सारे हिवतापाचे प्रदेश आहेत. यात उच्चनीचतेचा लवलेशही नाही. रक्ताच्या शुद्धतेवर उभ्या असलेल्या सिद्धांतांचे खंडन बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’ या १९४८ च्या ग्रंथात मानववंशशास्त्रीय मोजमापे तपासून केले होते. आजचे जनुकशास्त्र त्यांच्याच बाजूने साक्ष देते.

मात्र जातीचा संबंध दुसऱ्या एका मार्गाने येतो, आणि तो लपवून चालणार नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या ‘कास्ट्स इन इंडिया’ या निबंधात तरुण भीमराव आंबेडकरांनी अंतर्विवाह, म्हणजे जातीतल्या जातीतच लग्न करण्याची सक्ती, हे जातिसंस्थेचे मूळ लक्षण असल्याचे मांडले. आता साधे गणित करू. समजा, एखाद्या समूहात दर पाच माणसांत एक वाहक आहे. लग्न त्याच समूहात झाले, तर पती-पत्नी दोघेही वाहक असण्याची शक्यता २५ पैकी १. जोडीदार अशा समूहातला असेल की जेथे शंभरात एकच वाहक आहे, तर तीच शक्यता ५०० पैकी १. हिवतापाने जनुक टिकविले; जातीच्या भिंतींनी ते एका अंगणात कोंडून ठेवले. जातीच्या बंदिस्तपणाची किंमत आपल्या मुलांच्या हाडांतील वेदनांनी मोजली जात आहे, हे या गणिताचे तात्पर्य.

जनुक पोचवावयाचे कसे?

चूक एका अक्षराची आहे, हे १९५७ सालीच कळले. मग ती दुरुस्त करावयास इतकी वर्षे का लागली? कारण दुरुस्तीचा मजकूर पेशीच्या आत पोचविणे हेच सर्वांत कठीण काम होते. पेशीच्या भोवती आवरण असते. त्यातून परका मजकूर सहजी आत शिरत नाही.

लोणावळ्याच्या लोकांना हे समजावणे सोपे आहे. मुंबईहून येणारी गाडी कर्जतपर्यंत आपल्या बळावर येते. पुढे बोरघाटाचा चढ लागतो आणि एका इंजिनाचे बळ पुरत नाही. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिने जोडतात. ती गाडीला घाट चढवून देतात आणि वर आल्यावर सुटी होतात. जनुकोपचारात हेच काम ‘वाहन’ करते. शास्त्रज्ञ लेंटीव्हायरस जातीच्या विषाणूतून आजार निर्माण करणारा भाग काढून टाकतात आणि त्याच्या जागी हवे ते जनुक बसवितात. विषाणूला पेशीत शिरण्याची कला उपजतच असते. तो जनुक आत सोडतो; स्वतः मात्र पुढे वाढत नाही. दुसरी पद्धत विजेच्या क्षणिक झटक्याची. त्या झटक्याने पेशीच्या आवरणाला पळभर बारीक छिद्रे पडतात आणि त्यांतून जनुक कापणारी ‘क्रिस्पर’ ही कात्री आत जाते.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने सिकलसेलवरील दोन जनुकोपचारांना एकाच दिवशी मान्यता दिली. त्याआधी नोव्हेंबरात ब्रिटनने त्यांपैकी ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला मान्यता दिली होती. दोन्हींची सुरुवात सारखीच : रुग्णाच्या रक्तातून मूलपेशी काढून घ्यावयाच्या. ‘लिफजेनिया’ या उपचारात लेंटीव्हायरसच्या साहाय्याने त्यांत चांगले जनुक घालतात. ‘कॅसजेव्ही’त मात्र मोठी युक्ती आहे. गर्भात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते आणि ते विळ्याचा आकार होऊ देत नाही. म्हणूनच सिकलसेलचे बाळ पहिले काही महिने निरोगी दिसते. जन्मानंतर एक जनुकीय कळ फिरते आणि ते हिमोग्लोबिन बनणे थांबते. क्रिस्परची कात्री त्या कळीलाच निकामी करते, म्हणजे बालपणीचे हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागते. दुरुस्त पेशी परत देण्यापूर्वी तीव्र औषधांनी अस्थिमज्जेतील जुन्या पेशी नष्ट कराव्या लागतात. त्यामुळे उपचार सोपा नाही. रुग्णाला अनेक आठवडे रुग्णालयात राहावे लागते आणि वंध्यत्वासारखे धोकेही असतात. तरीही चाचणीतील ज्या ३१ रुग्णांचा पुरेसा पाठपुरावा झाला होता, त्यांपैकी २९ जणांना सलग १२ महिने तीव्र वेदनांचा झटका आला नाही. आयुष्यभर वेदना सोसलेल्या माणसाच्या दृष्टीने हा नवा जन्मच होय.

आता किंमत. अमेरिकेत ‘कॅसजेव्ही’ची किंमत २२ लाख डॉलर आणि ‘लिफजेनिया’ची ३१ लाख डॉलर ठेवण्यात आली. रुपयांत सांगायचे तर एका रुग्णामागे सुमारे १८ कोटी आणि २५ कोटींच्या वर. आपल्या एखाद्या गावातील सगळ्या जमिनी विकल्या तरी ही रक्कम उभी राहणार नाही.

१० जानेवारी आणि १० मार्च १८९७

शोध आणि माणूस यांच्यातील अंतर किती जीवघेणे असते, हे आपल्या पुण्याच्या इतिहासाने एकदा पाहिले आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका छोट्या प्रयोगशाळेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे प्लेगनेच निधन झाले. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणले होते. लस मुंबईत निघाली होती. पण बोरघाट ओलांडून सामान्यांच्या दारापर्यंत ती अजून यावयाची होती. विज्ञानाचा इतिहास शोधाच्या तारखेने लिहिला जातो. लोकांचा इतिहास मात्र तो शोध आपल्या दारी कधी आला, त्या तारखेने लिहावा लागतो.

हे अंतर कमी करता येते, याचे उदाहरणही घाटाच्या पायथ्याशीच आहे. मुंबईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल सेंटर यांनी मिळून रक्ताच्या काही कर्करोगांवर ‘नेक्सकार-१९’ हा उपचार विकसित केला. आयआयटीतील डॉ. राहुल पुरवार यांच्या गटाने याचे जनुकीय काम केले. रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी काढावयाच्या, लेंटीव्हायरसच्या साहाय्याने त्यांत कर्करोगाची पेशी ओळखणारे जनुक घालावयाचे आणि त्या परत रुग्णाला द्यावयाच्या, असा हा उपचार. २०२१ मध्ये टाटा मेमोरियलच्या खारघर येथील केंद्रात त्याची पहिली मात्रा दिली गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकाने मान्यता दिली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. परदेशात अशा उपचाराला ३ कोटी रुपयांहून अधिक खर्च येतो. येथे तो सुमारे ३० ते ४० लाखांपर्यंत खाली आला. ही रक्कमही गरिबाच्या आवाक्यात नाही, हे मान्य. पण किंमत दशांशावर आली, ती सार्वजनिक संस्थांत, जनतेच्या पैशांवर संशोधन झाल्यामुळे.

सिकलसेलच्या बाबतीतही असे पाऊल पडले आहे. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या सरकारी संस्थेने क्रिस्परवर आधारित स्वदेशी जनुकोपचार विकसित केला असून नोव्हेंबर २०२५ मध्ये तो ‘बिरसा १०१’ या नावाने जाहीर करण्यात आला. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे देण्यात आले आहे. बिरसा मुंडांचे नाव दिलेला हा उपचार उद्या मेळघाटातल्या आणि गडचिरोलीतल्या मुलापर्यंत पोचला, तरच ते नाव सार्थ होईल. आज तो प्रत्येक रुग्णालयात मिळणारा उपचार नाही. म्हणून त्याच्या नावाने कोणी पैसे मागितले, तर पालकांनी फसू नये.

कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर धेनुकाकटाहून आलेल्या अनेक दात्यांची नावे कोरलेली आहेत. कोणी एक खांब दिला, तर एका सुताराने दाराचे काम केल्याचा लेख आहे. एकट्याच्या बळावर ते भव्य लेणे उभे राहिले नाही. सार्वजनिक विज्ञानही असेच अनेकांच्या दानावर उभे राहते. काडेपेटीवर कर भरणारी बाईही त्या प्रयोगशाळेची दाती असते. म्हणून तिच्या नातवाला उपचार मिळणे ही मेहेरबानी नसून तो त्याचा हक्क आहे.

आज आपल्या हाती काय आहे?

जनुकोपचाराची वाट पाहत बसण्याची गरज नाही. जे आज स्वस्तात मिळते, तेच अनेक घरांत अजून पोचलेले नाही.

पहिली गोष्ट तपासणीची. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्यात ७ कोटी लोकांच्या तपासणीचे आणि २०४७ पर्यंत निर्मूलनाचे लक्ष्य आहे. प्राथमिक तपासणीत, म्हणजे विद्राव्यता चाचणीत, बदललेले हिमोग्लोबिन आहे किंवा नाही एवढेच कळते. व्यक्ती एएस आहे की एसएस, हे इलेक्ट्रोफोरेसिस वा एचपीएलसी चाचणीने ठरते. पाउलिंग यांनी १९४९ साली वापरलेली विद्युतप्रवाहाची तीच युक्ती आज जिल्हा रुग्णालयात आपल्यासाठी वापरली जाते. मुंबईत परळला आणि चंद्रपूरला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची या रक्तविकारांवर काम करणारी केंद्रे आहेत.

दुसरी गोष्ट विवाहाची. माजी विद्यार्थी-विद्यार्थिनींना माझे कळकळीचे सांगणे आहे : पत्रिका जुळवू नका, रक्ततपासणीचा अहवाल पाहा. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत मूल रुग्ण असण्याची शक्यता शेकडा २५, वाहक असण्याची ५० आणि पूर्ण निरोगी असण्याची २५. एकच वाहक असेल, तर कोणतेही मूल सिकलसेलचे रुग्ण होणार नाही. दोन वाहकांचे लग्न ठरलेच, तर गर्भावस्थेच्या पहिल्या तिमाहीच्या सुमारास करावयाच्या तपासणीविषयी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. निर्णय त्या दोघांचा असावा, बैठकीतल्या पाहुण्यांचा नव्हे. आणि वाहक मुलीला ‘खोट असलेली’ म्हणून नाकारणारे घर वाहक मुलाचा अहवाल मात्र खिशात लपविते, हा दुटप्पीपणा बुद्धविहारात लग्न लावणाऱ्या समाजाला शोभणारा नाही.

तिसरी गोष्ट औषधाची. हायड्रॉक्सियुरिया ही जुनी, स्वस्त गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घेतली, तर ती बालपणीचे हिमोग्लोबिन काही प्रमाणात वाढविते आणि वेदनांचे झटके कमी करते. कोट्यवधी रुपयांच्या उपचारामागील तत्त्वच ही गोळी आपल्या परीने साधते. तसेच दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे. पालकांनी प्रमाणपत्रासाठी अर्ज अवश्य करावा.

चौथी गोष्ट आपल्या वसतिगृहाची. थंडी, शरीरातील पाणी कमी होणे, ताप आणि अतिश्रम यांमुळे सिकलसेलचा झटका येतो. लोणावळ्याचा पावसाळा आणि मावळातील हिवाळा विदर्भातून आलेल्या मुलाला कडक वाटतो. म्हणून अशा मुलाला पहाटे थंड पाण्याची आंघोळ लावू नये. भिजलेले कपडे लगेच बदलावेत. लोहगड-विसापूरच्या सहलीत त्याच्याजवळ पाण्याची बाटली असावी आणि त्याने थांबावयास सांगितले की थांबावे. वेदना झाल्या तर शेकावे, बर्फ लावू नये. तीव्र ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, एकाएकी फिकट पडून पोट फुगणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. दुखते म्हणून वर्गात न आलेल्या मुलाला आळशी ठरविण्यापूर्वी शिक्षकांनी त्याचा आरोग्य-अहवाल पाहावा. तो अहवाल मात्र गोपनीय राहिला पाहिजे. कोणत्या मुलाचा कोणता पॅटर्न, ही वसतिगृहातील चर्चेची बाब होता कामा नये.

अतिसाराने आजारी होऊन एकाकी पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले, ही विनयपिटकातील कथा आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. त्या भिक्खूजवळ कोणी का गेले नाही, हा प्रश्न तथागतांनी संघाला विचारला होता. तोच प्रश्न प्रत्येक वसतिगृहाने, प्रत्येक विहाराने स्वतःला विचारीत राहिला पाहिजे.

प्रयोगशाळेच्या दाराशी

शेवटची गोष्ट दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी. आपण आजवर रुग्ण म्हणून, नमुना म्हणून प्रयोगशाळेत गेलो. आपले रक्त तपासले गेले, त्यावर प्रबंध झाले. आता संशोधक म्हणून जावयाची वेळ आली आहे. आपल्या मावळापासून तासा-दोन तासांच्या अंतरावर पुण्यात आयसर, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहेत. बारावी विज्ञानानंतर जीवशास्त्र, रसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान वा जैववैद्यकीय अभियांत्रिकी हे मार्ग मोकळे आहेत. पुण्याच्या ‘बार्टी’ची संशोधन अधिछात्रवृत्ती आहे, परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. अर्जांच्या तारखा चुकू नयेत, म्हणून माजी विद्यार्थी संघाने दरवर्षी त्यांची माहिती विद्यालयाच्या फलकावर लावावी, अशी माझी सूचना आहे.

त्याचबरोबर संघाने येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी जिल्हा रुग्णालयाच्या सहकार्याने विद्यालयात सिकलसेल तपासणी शिबिर घ्यावे. येणाऱ्या प्रत्येकाने आपला अहवाल बंद पाकिटात घरी न्यावा, तो समजावून सांगावयास समुपदेशक उपस्थित असावा, आणि पहिल्या रांगेत आपण शिक्षकांनी उभे राहावे.